लेण्याचा आवाज उतरवून घेताना

मेजर रॉबर्ट गिल म्हटलं की मराठी वाचकाला आधी पारो आठवते. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ आणि तिच्यावर बेतलेला नितीन देसाईंचा २०१२ चा चित्रपट यांनी ती गोष्ट दूरवर पोचवली. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमावरून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामाला लागला आणि उरलेलं बहुतेक आयुष्य याच मुलखात राहिला. १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याला पुरलं. पण या माणसाच्या कामाचा एक भाग प्रेमकथेत मावत नाही, म्हणून तो फारसा सांगितला जात नाही. गिल पुढे कुंचल्यासोबत कॅमेराही वापरू लागला, आणि त्याचा एक कॅमेरा दोन भिंगांचा होता.

दोन भिंगं, एकमेकांपासून साधारण दोन डोळ्यांइतक्या अंतरावर. एकाच दृश्याचे दोन किंचित वेगळे फोटो शेजारी शेजारी चिकटवायचे, खास चष्म्यातून पाहायचे, की खांब पुढे येतो आणि मागची मूर्ती मागे जाते. याला स्टिरिओस्कोपिक फोटो म्हणत. गिलच्या अशा शंभर जोडफोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं, मजकूर वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनचा. म्हणजे व्हीआर हेडसेट डोक्याला लावून लेणी पाहण्याची हौस आपल्याला वाटते त्याहून दीडशे वर्षं जुनी आहे.

दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. गिलने वर्षानुवर्षं अंधाऱ्या गुहांत बसून केलेली मोठी तैलचित्रं तिथे मांडलेली होती. जवळजवळ सगळी गेली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले; त्यांच्या कामातलीही बरीच चित्रं १८८५ च्या आगीत, लंडनमध्येच, जळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस होते. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी चार खंड काढले. एक नक्कल जळाली की दुसरी करायला माणूस हजर. अजिंठ्याजवळ फर्दापूरला १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या आख्ख्या प्रतिकृतीही उभ्या राहिल्या. त्या डोळ्यांसाठी आहेत. बांधलेल्या भिंतीमागे डोंगर नसतो, त्यामुळे तिथे टाळी वाजवली तर उत्तर वेगळं येणार.

आणि लेण्यांमध्ये उत्तर फार महत्त्वाचं आहे.

वेरूळचं १० क्रमांकाचं लेणं घ्या. विश्वकर्मा लेणं, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात म्हणून गावातलं नाव ‘सुतार का झोपडा’. साधारण सातव्या शतकातलं. रुंदीच्या जवळजवळ दुप्पट खोल दालन, २८ अष्टकोनी खांब, टोकाला अर्धगोल, तिथे स्तूप आणि स्तूपासमोर प्रवचनमुद्रेत बसलेला बुद्ध. दाराच्या वर सज्जा. आत कुणी एक लांब स्वर लावला की सगळी सहल गप्प होते. गाईड लोकांना हे ठाऊक असतं, ते स्वतःच स्वर लावून दाखवतात. स्वर थांबला तरी छत काही क्षण गात राहतं.

हे का होतं ते सरळ आहे. बेसॉल्ट आवाज पीत नाही. तुमच्या खोलीतला पडदा, गादी, पुस्तकं आवाज खातात. इथला गुळगुळीत कोरलेला दगड जवळजवळ सगळाच आवाज परत फेकतो. वरचं कमानी छत आवाज गोळा करून खाली पाठवतं, मागचा अर्धगोल तो पुढे पाठवतो, खांब त्याचे तुकडे करून बाजूच्या वाटांत विखरतात. उघडा दरवाजा आणि वरची मोठी खिडकी, बाहेर पडायला वाट इतकीच. शिवाय ऐकायला जमलेली माणसं. माणूस हा आवाजासाठी चालती-फिरती गादीच; शनिवारी दुपारी शंभर जण आत असताना हे लेणं जे बोलतं ते पहाटे रिकामं असताना बोलत नाही.

आता हे फोनवर रेकॉर्ड करून पाहा. घरी येऊन ऐकलं की कुणीतरी बाथरूममध्ये गातंय असं वाटतं. बिचाऱ्या फोनचा दोष नाही. तिथे उभं असताना स्वर समोरून आला, घुमारा डोक्यावरून आला, एक उशिरा परतलेला तुकडा पाठीमागून आला, आणि मेंदूने ते सगळं वेगवेगळं ओळखलं. रेकॉर्डिंगमध्ये ते सगळं एकाच नळीतून आलं. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे नोंदलं गेलं. कुठून, ते गेलं.

वेरूळच्या वाटेवर दौलताबाद लागतं. हीच यादवांची देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला; स्वर, राग, ताल, वाद्य, नृत्य, सगळ्याची बैठक सांगणारा ग्रंथ. नाद मंद्रात हृदयात, मध्यात कंठात आणि तारात मस्तकात राहतो, असं तो सांगतो, म्हणजे नादाला शरीरात जागा आहे. उत्तम वृंद कसा असावा याची तर मोजदादच आहे: ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले, ४ मृदंगवादक. ही बत्तीस माणसं गायला लागली की प्रत्येक आवाज ऐकणाऱ्याकडे आपापल्या बाजूने येणार. स्वर लिहायला लिपी होती, ताल लिहायलाही होती. दिशा लिहायची लिपी यायला आणखी सातशे वर्षं लागली, आणि ती संगीतकारांनी नव्हे, गणित्यांनी आणली.

तिची पहिली अक्षरं १९३१ ची. त्या वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. शेजारून रेल्वे जायची, म्हणून शूटिंग रात्री उशिरा उरकत, माईक नटांच्या आसपास लपवून ठेवत. बरोबर नऊ महिन्यांनी, १४ डिसेंबरला, लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन नावाच्या २८ वर्षांच्या इंजिनिअरने एक पेटंट दाखल केलं. किस्सा असा सांगतात की बायकोबरोबर सिनेमा पाहताना तो वैतागला: नट पडद्याच्या उजव्या टोकाला जातो आणि आवाज मात्र तिथेच मधोमध.

ब्लुमलाइनच्या पेटंटमध्ये स्टिरिओचं जवळजवळ सगळं व्याकरण आहे. आपल्याला त्यातली एकच गोष्ट हवी. त्याने दोन माईक एकाच जागी, एकमेकांना काटकोनात ठेवले. दोन्ही माईक असे की ज्यांना समोरचं आणि मागचं ऐकू येतं पण बाजूचं नाही. आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो. फरक पडतो तो फक्त कुणाला किती मोठा ऐकू आला यात, आणि त्या फरकात दिशा दडलेली असते. शिवाय त्याने दाखवलं की या दोन माईकांची बेरीज आणि वजाबाकी केली तर त्यातून तुम्ही वेगळ्याच दिशांना रोखलेले माईक बनवू शकता, रेकॉर्डिंग झाल्यानंतरसुद्धा. माईक म्हणजे वस्तू, हा समज तिथे सुटला. माईक म्हणजे गणित. ब्लुमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून गेला, वय ३८.

पण दोन माईकांना वरचं-खालचं कळत नाही, आणि लेण्याचा तर अर्धा जीव छतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड कंपन्यांनी चार स्पीकरचं क्वाड्राफोनिक प्रकरण बाजारात आणलं. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर नीट वाजेना. काही वर्षांत ते आटोपलं. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये मायकेल गेरझन नावाचा गणिताचा तरुण, विद्यापीठाच्या टेप रेकॉर्डिंग मंडळातल्या मित्रांबरोबर मैफली रेकॉर्ड करत फिरायचा. त्याचं म्हणणं, स्पीकर किती आणि कुठे हा प्रश्न नंतरचा. आधी हे लिहा की ऐकणाऱ्याच्या बिंदूवर हवा नेमकी कशी हलतेय. ते एकदा लिहिलं की चार स्पीकर असोत, आठ असोत, हेडफोन असो, ज्याच्याकडे जे असेल त्यावर वाचता येईल. या पद्धतीला अँबिसॉनिक्स नाव पडलं.

गेरझन आणि पीटर क्रेव्हन यांनी त्यासाठी जो माईक काढला तो पाहायला साधा आहे. चार कॅप्सूल, म्हणजे माईकचे चार ऐकणारे पडदे, चतुष्फलकाच्या चार तोंडांवर. आपल्या समोशासारखा आकार समजा. एक पडदा पुढे-डावीकडे-वर बघतो, दुसरा पुढे-उजवीकडे-खाली, तिसरा मागे-डावीकडे-खाली, चौथा मागे-उजवीकडे-वर. चौघांची बेरीज केली की एकूण आवाज मिळतो, दिशाहीन. पुढच्या दोघांतून मागचे दोघे वजा केले की पुढे-मागे. डाव्यांतून उजवे वजा केले की डावं-उजवं. वरच्यांतून खालचे वजा केले की वर-खाली. चार चॅनल. बस.

याची गंमत हेडफोन लावल्यावर कळते. तुम्ही मान वळवली तर रेकॉर्डिंग बदलावं लागत नाही. ‘पुढे-मागे’ आणि ‘डावं-उजवं’ हे दोन चॅनल ठरावीक प्रमाणात एकमेकांत मिसळले की झालं, बाकी दोन तसेच राहतात. तुमचा फोन हे काम करतो. यूट्यूबच्या ३६० अंशांच्या व्हिडिओत फोन फिरवल्यावर आवाजही फिरतो तो याच चार चॅनलांमुळे. गेरझन १९९६ मध्ये, पन्नाशीतच, दम्याने गेला. खिशातल्या यंत्रावर आपलं गणित चालताना त्याने पाहिलं नाही.

मग अडचण काय? चार चॅनलांनी चित्र धूसर येतं. आवाज समोरून आला हे कळतं, पण नेमका कोणत्या खांबाकडून हे कळत नाही. १० क्रमांकाच्या लेण्यात २८ खांबांवरून फुटलेले आवाज या चार चॅनलांत एकमेकांत वितळून जातात.

इथे रांगोळी आठवावी. दोन बाय दोन ठिपके दिले तर तुम्ही चौकोन काढाल, फार तर एक फूल. तीन बाय तीन दिले की वेल वळते. पाच बाय पाच दिले की कमळ निघतं. अँबिसॉनिक्सच्या पायऱ्या अशाच चढतात: पहिल्या पायरीला ४ चॅनल, दुसरीला ९, तिसरीला १६, चौथीला २५. पायरीच्या आकड्यात एक मिळवा आणि वर्ग करा. गणित गेरझनच्या १९७३ च्या लेखातच होतं. विसावं शतक सरताना फ्रान्समध्ये जेरोम दानिएल यांनी त्याचा पुढचा पाया घातला. पण एवढे ठिपके हवेतून टिपणारा माईक बनवायचा कसा?

कारण चारच्या पुढे ती युक्ती अडते. सगळे पडदे एकाच बिंदूवर असावेत ही मूळ अट. चार कॅप्सूल कशाबशा एकमेकांना चिकटवता येतात, तरी त्यांच्यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर राहतंच. पंचवीस कशा चिकटवणार? बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या गॅरी एल्को आणि येन्स मायर यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उलटा विचार केला. एका बिंदूवर आणायचंच नाही. एक घट्ट गोळा घ्यायचा आणि कॅप्सूल त्याच्या पृष्ठभागावर पसरवायच्या. त्यांच्या आयगनमाईकचा गोळा ८.४ सेंटिमीटर व्यासाचा, चांगल्या पोसलेल्या जालन्याच्या मोसंबीएवढा. कॅप्सूल ३२. जुना काळा-पांढरा फुटबॉल आठवा: १२ पंचकोनी तुकडे आणि २० षटकोनी. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक कॅप्सूल. गोळा भरीव का, तर आवाज त्याला वळसा घालून जातो, आणि तो वळसा कसा पडतो याचं गणित पक्कं माहीत आहे. या ३२ जणांनी आपापल्या जागी काय ऐकलं ते मांडलं की त्यातून चौथ्या पायरीचे २५ चॅनल सोडवता येतात.

हे वाचायला जितकं चकचकीत वाटतं तितकं लेण्यात गेल्यावर राहत नाही. जाहिराती जे सांगत नाहीत ते असं आहे.

खालच्या स्वरात मंत्र म्हणणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा तळ १०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या आवाजाची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब. मोसंबीएवढा गोळा त्या लाटेपुढे नगण्य. त्याच्या पुढच्या आणि मागच्या कॅप्सूलला जवळजवळ एकच गोष्ट ऐकू येते. वरच्या पायऱ्या तर त्या इवल्याशा फरकांच्याही फरकांवर उभ्या. ते फरक ऐकू यावेत म्हणून प्रचंड मोठे करावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर कॅप्सूलचा स्वतःचा खरखराटही मोठा होतो. म्हणून शहाणी सॉफ्टवेअर खालच्या स्वरांत चौथी, तिसरी, मग दुसरीही पायरी सोडून देतात आणि पहिलीवर येतात. मग गोळा मोठा करावा? केला तर खालचे स्वर सुधारतात, पण त्याच ३२ कॅप्सूल एकमेकांपासून दूर जातात आणि वरच्या स्वरांच्या छोट्या लाटा त्यांच्या फटीतून निसटतात. कुठून आल्या ते चुकीचं कळतं. चौथ्या पायरीचं स्वच्छ चित्र मिळतं ते मधल्या पट्ट्यातच. पखवाजाची धुमाळी एका धूसर ढगात आणि टाळाची किणकिण अगदी जागेवर, असं रेकॉर्डिंग मिळालं तर माईक बिघडलेला नसतो.

एवढी उठाठेव कशाला, याचं उत्तर इटलीत आहे. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेराचं नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ च्या रात्री जळून खाक झालं. त्याच्या दोनच महिने आधी लाम्बेर्तो त्रोंकिन आणि आंजेलो फारिना यांनी तिथल्या आवाजाची मोजणी केली होती, एका पुतळ्याच्या दोन कानांत माईक बसवून. नाट्यगृह गेलं आणि त्याचा आवाज टेपवर राहिला. आपल्या गोष्टीत नकला जळाल्या आणि मूळ लेणी उभी राहिली. तिथे मूळ जळालं आणि नक्कल राहिली. पॅरिसच्या नोत्र-दामचंही तसंच. ब्रायन कात्झ यांच्या चमूने २०१३ मध्ये केलेली मोजणी एप्रिल २०१९ च्या आगीनंतर एकदम मोलाची झाली, कारण पुन्हा बांधलेलं चर्च आधीसारखं बोलतं का हे तपासायला दुसरं काय होतं? पण फेनिचेच्या टेपवर पुतळ्याची मान वळत नाही. तो ज्या दिशेला बघत होता तीच दिशा. वर छताकडे कान लावता येत नाही. २५ चॅनलांचा सोस तिथून येतो.

अशी मोजणी म्हणजे गाणं रेकॉर्ड करणं नव्हे. लेण्यात एक स्पीकर ठेवतात आणि त्यातून एक लांब शीळ सोडतात, अगदी खालच्या खर्जापासून कानाला जेमतेम ऐकू येईल इतक्या वरपर्यंत चढत जाणारी. ही रीत फारिनांनीच २००० मध्ये मांडली. माईक शीळ आणि तिचा घुमारा दोन्ही टिपतो. नंतर गणिताने शीळ काढून टाकली की उरतं ते लेण्याचं निव्वळ उत्तर. फुगा फोडूनही उत्तर मिळतं, पण फुगा दर वेळी वेगळा फुटतो, आणि वटवाघळांच्या वस्तीत धडाका करणं बरंही नाही. एकदा हे उत्तर हाती आलं की बंद, मऊ खोलीत गायलेला कुठलाही आवाज त्या लेण्यात ‘नेऊन’ ऐकता येतो. यात एक सावधगिरी हवी. पाली सुत्त गाऊन घेऊन, १० क्रमांकाचा घुमारा चढवून, ‘सातव्या शतकातला आवाज’ म्हणून रील टाकण्याचा मोह होईल. भिक्षू कोणत्या सुरात म्हणत ते आपण कल्पनेने ठरवू. दगडाचं उत्तर तेवढं खरं.

वेरूळला हे करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि वेळ फाटक उघडण्याआधीची. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस उत्तम. माझ्या मते एक जागा पुरत नाही. गोळा स्तूपासमोर जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, कारण हे दालन उभ्याने ऐकायचं नसावं. मग खांबांमागच्या प्रदक्षिणेच्या वाटेत. मग वर सज्ज्यात, जिथून खालचा आवाज आणि छताचा आवाज जवळजवळ एकाच उंचीवर भेटतात. स्पीकरही बुद्धाच्या पायांशी एकदा, दाराशी एकदा. प्रत्येक वेळी हवेचं तापमान लिहायचं. एक अंश वाढला की आवाज सेकंदाला सुमारे ०.६ मीटर जास्त पळतो, म्हणजे मे आणि डिसेंबरचं लेणं जरा वेगळं उत्तर देतं. आणि पावसाळ्यात एक फेरी २९ क्रमांकाकडे, शेजारी धबधबा कोसळत असताना. तिथे शीळ सोडायचं काम नाही, नुसतं ऐकत बसायचं.

राहता राहिल्या फायली. २४ बिट, ४८ हजार नमुने सेकंदाला, ३२ चॅनल, म्हणजे तासाला १६ जीबीहून जास्त. २५ चॅनल सोडवून झाले की कच्चे ३२ पुसून टाकायचा मोह होतो, पण ते निगेटिव्हसारखे आहेत. दहा वर्षांनी गणित सुधारलं की त्याच ३२ मधून आजच्यापेक्षा स्वच्छ चित्र निघू शकेल. प्रती किमान दोन, वेगवेगळ्या गावांत. क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गिलची जी मोजकी चित्रं वाचली, ती त्या रात्री तिथे नव्हती म्हणून.